शब्द पाळला, अर्थ मोडला

एका वाचकाचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

“मी गेली अकरा वर्षे एका कार्यालयात हिशेब विभागात काम करतो. आमचे वरिष्ठ कधीही नेमके बोलत नाहीत. ‘ते जरा मार्गी लावा’, ‘आपण हे आज संपवू’, ‘नेहमीसारखे करा’ अशा सूचना देतात आणि काम मनासारखे झाले नाही की ‘मी असे म्हणालोच नव्हतो’ म्हणून मोकळे होतात. दोन वर्षांपूर्वी मी ठरवले, की यापुढे ते जे शब्द उच्चारतील तेवढेच करायचे. मागच्या महिन्यात त्यांनी एक तक्ता माझ्यापुढे ठेवला आणि ‘हा जरा पाहून घ्या’ असे म्हटले. मी पाहिला. तिसऱ्या स्तंभाची बेरीज चुकलेली मला दिसली. ‘पाहिला’ असे सांगून मी तो परत दिला. तक्ता तसाच बैठकीत गेला. वरिष्ठांची फजिती झाली, तक्ता करणाऱ्या नव्या मुलीला सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली आणि मला, खरे सांगतो, समाधान वाटले.

ही सवय आता घरातही आली आहे. पत्नी बाहेर जाताना ‘पाऊस आला तर खिडकी लाव’ असे म्हणाली. खोलीला दोन खिडक्या आहेत. सकाळीच आमचा वाद झाला होता. मी एकच खिडकी लावली. दुसरीखाली ठेवलेल्या मुलीच्या वह्या भिजल्या. मी म्हणालो, ‘तू खिडकी म्हणालीस, खिडक्या नाही.’ गेल्या आठवड्यात मी नऊ वर्षांच्या मुलीला ‘मोबाइल खाली ठेव’ असे सांगितले. तिने तो फरशीवर ठेवला आणि त्यावर ओणवी होऊन पाहत राहिली. मी रागावल्यावर म्हणाली, ‘खालीच ठेवलाय ना, बाबा.’ त्या रात्री मला झोप लागली नाही. मी कोणाशी खोटे बोललेलो नाही, कोणाची सूचना मोडलेली नाही. मग माझे चुकते कुठे? आणि चुकत असेल, तर मोघम बोलणाऱ्यांची काहीच जबाबदारी नाही का?”

स.न.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबले. ‘तिसऱ्या स्तंभाची बेरीज चुकलेली मला दिसली,’ असे तुम्ही लिहिले आहे. नुसते पाहून चुकलेली बेरीज दिसत नाही. तक्त्यावरून नजर फिरवणाऱ्याला आकडे दिसतात, रेघा दिसतात, वरचे शीर्षक दिसते. बेरीज चुकली आहे हे कळायला ते आकडे मनात मांडावे लागतात आणि तळाच्या आकड्याशी ताडून पाहावे लागतात. म्हणजे ‘पाहून घ्या’ याचा अर्थ ‘तपासून द्या’ असा आहे हे तुम्हाला समजले होते, एवढेच नव्हे, तर ते काम तुम्ही पूर्णही केले होते. तुम्ही तक्ता तपासलात, चूक शोधलीत आणि मग तपासणीतून जे हाती लागले ते स्वतःपाशी ठेवून ‘पाहिला’ हा शब्द तेवढा परत केलात.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते इथेच आहे. सूचनेचा मुद्दाम भलता अर्थ काढणाऱ्या माणसाला खरा अर्थ कळलेला नसतो असे कधीच होत नाही. तो आधी नीट कळल्याखेरीज त्याला अशी अचूक बगल देता येत नाही. दोन खिडक्यांपैकी एक लावताना दुसरीकडे तुमची नजर गेलीच असणार. ज्याला खरोखर गैरसमज होतो तो चुकतमाकत कधी निम्मे करतो, कधी गरजेपेक्षा जास्त करतो, कधी मध्येच येऊन विचारतो. त्याच्या चुकीला ठरावीक दिशा नसते. तुमच्या चुका दोन वर्षे एकाच दिशेने झाल्या, आणि प्रत्येक वेळी ज्याच्यावर तुमचा राग होता त्याच्याच कामात त्या निघाल्या. याला आपल्याकडे वेड पांघरून पेडगावला जाणे म्हणतात. तुम्ही रात्रभर जागलात ते, मला वाटते, मुलीने ते पांघरूण ओळखले म्हणून.

शब्द आणि त्यामागचा हेतू यांच्यात अंतर असते, ही काही आपल्या काळातली तक्रार नाही. आपल्याकडच्या वैयाकरणांनी आणि नैयायिकांनी, म्हणजे न्यायशास्त्राच्या अभ्यासकांनी, या अंतराचा फार बारकाईने विचार केला आहे. भर्तृहरी या वैयाकरणाच्या ‘वाक्यपदीया’त एक उदाहरण येते. ‘कावळ्यांपासून तूप राख’ असे एखाद्या लहान मुलाला सांगितले, तर ते मूलसुद्धा कुत्र्यांपासून तूप राखल्याशिवाय राहत नाही. वाक्यात कुत्र्याचा उल्लेख नाही, तरी सांगणाऱ्याला तूप वाचवायचे आहे हे मुलाला कळते. भर्तृहरीने इथे ‘बालोऽपि’ असा शब्द योजला आहे, म्हणजे लहान मूलसुद्धा. ही समज शिकवावी लागत नाही. भाषा येते तिच्याबरोबरच ती येते. तुमच्या मुलीलाही ‘मोबाइल खाली ठेव’ म्हणजे पाहणे थांबव, हे पक्के माहीत होते. ती समज बाजूला ठेवता येते आणि ती ठेवल्यावर वर मान करून बोलताही येते, ही गोष्ट मात्र तिने घरात पाहिली.

दुसरे उदाहरण ‘सैंधव आण’ या वाक्याचे. सैंधव म्हणजे मीठ आणि सैंधव म्हणजे सिंधू देशातला घोडाही. जेवायला बसलेला माणूस सैंधव मागतो तेव्हा मीठ आणायचे असते आणि प्रवासाला निघालेला मागतो तेव्हा घोडा, हे ठरवण्यासाठी शास्त्रकारांनी बोलणाऱ्याच्या इच्छेचा आधार घेतला आणि तिला ‘तात्पर्य’ असे नाव दिले. आज आपण हा शब्द गोष्टीच्या शेवटी येणाऱ्या बोधासाठी वापरतो, पण शास्त्रात त्याचा अर्थ बोलणाऱ्याला अभिप्रेत असलेला अर्थ असा आहे. संदिग्ध वाक्याचे दोन अर्थ होतात हे त्या मंडळींना चांगलेच ठाऊक होते. त्यांनी निष्कर्ष काढला तो मात्र असा, की दोनांतला बोलणाऱ्याच्या मनातला अर्थ शोधणे हे ऐकणाऱ्याचे काम आहे. विसाव्या शतकात पॉल ग्राइस या तत्त्वज्ञाने १९६७ साली दिलेल्या आणि १९७५ साली छापल्या गेलेल्या व्याख्यानात साधारण हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने मांडली. संभाषण चालते ते दोघेही एकमेकांना सहकार्य करत आहेत या गृहीतावर, असे त्याचे म्हणणे होते. ‘किती वाजले सांगता येईल का?’ या प्रश्नाला ‘हो, येईल’ असे उत्तर देऊन पुढे निघून जाणारा व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष असतो, पण त्याने संभाषणातून आपले अंग काढून घेतलेले असते.

जो जाणूनबुजून असे करतो त्याच्यासाठी गौतमाच्या ‘न्यायसूत्रां’त, म्हणजे न्यायशास्त्राच्या मूळ ग्रंथात, स्वतंत्र संज्ञा आहे, आणि तुम्ही ती जरूर लक्षात ठेवावी असे मला वाटते. ‘वचनविघातोऽर्थविकल्पोपपत्त्या छलम्’, म्हणजे दुसरा अर्थ संभवतो याचा फायदा घेऊन बोलणाऱ्याचे म्हणणे मोडणे याला छल म्हणतात. त्यावरील भाष्यातले उदाहरण असे आहे. एक जण म्हणतो, ‘हा मुलगा नवकंबल आहे,’ म्हणजे याच्या अंगावर नवे कांबळे आहे. संस्कृतात ‘नव’ म्हणजे नवा आणि नऊसुद्धा. दुसरा लगेच म्हणतो, ‘याच्याकडे नऊ कांबळी कुठे आहेत? एकच तर आहे.’ मुलगा समोर उभा आहे, एकच कांबळे दिसते आहे, तरीही हा माणूस नऊ मोजायला निघतो. असे करणाऱ्याला न्यायशास्त्राने वादात जिंकलेला मानले नाही; तत्त्व शोधण्यासाठी चाललेल्या प्रामाणिक वादात छलाला जागाच नाही. ‘शब्दच्छल’ हा आपला नेहमीचा शब्द तिथूनच आला. मराठीत त्याच ‘छल’ शब्दाचा ‘छळ’ झाला आणि त्याला त्रास देण्याचा, गांजण्याचा अर्थ चिकटला. हा प्रवास मला फार अर्थपूर्ण वाटतो. कोणी वर्षानुवर्षे आपल्या प्रत्येक वाक्यातली फट शोधत बसला, की सोबतच्या माणसाला वाटते ते छळच असते. त्याला प्रत्येक वाक्य बोलण्याआधी तपासून पाहावे लागते. तुमच्या पत्नीने अलीकडे तुम्हाला काही सांगणे कमी केले आहे का? पत्रात तसा उल्लेख नाही, पण एकदा आठवून पाहा.

‘मी खोटे बोललेलो नाही,’ असे तुम्ही म्हणता. शब्दांपुरते ते बरोबर आहे. ‘नरो वा कुंजरो वा’ हेसुद्धा शब्दांपुरते बरोबरच होते. अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखर मारला गेला होता आणि युधिष्ठिराने हत्तीचा उल्लेखही केला होता, फक्त द्रोणांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात. महाभारतकाराने ते सत्य म्हणून सोडून दिले नाही. तोवर जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा युधिष्ठिराचा रथ त्या क्षणी खाली टेकला. तुमचे ‘पाहिला’ हे उत्तर त्याच जातीचे आहे. तो शब्द ऐकून वरिष्ठांची समजूत काय होणार हे तुम्हाला माहीत होते आणि ती समजूत व्हावी म्हणूनच तुम्ही तो उच्चारलात.

आता त्या नव्या मुलीबद्दल. पत्रात तिच्या वाट्याला अर्धे वाक्य आले आहे, आणि त्याच वाक्याच्या शेवटी तुमचे समाधान आहे. मला सगळ्यांत जास्त टोचले ते हेच. तुमचा राग वरिष्ठांवर होता. वरिष्ठांची फजिती पाच-दहा मिनिटे टिकली असेल. अधिकार असलेला माणूस ती लगेच खाली ढकलू शकतो आणि तुमच्या वरिष्ठांनी तेच केले. नव्याने रुजू झालेल्या माणसाला मात्र सगळ्यांसमोर मिळालेली बोलणी वर्षभर पुरतात. पुढचा प्रत्येक तक्ता ती चार-चार वेळा तपासत असेल, आणि आपली चूक आधीच कोणाच्या तरी नजरेस पडली होती याची तिला कल्पनाही नसेल. असे आडून केलेले वार ज्याच्यावर रोखलेले असतात त्याला क्वचितच लागतात. वाटेत जो सगळ्यांत कमी सावध असतो त्याला लागतात.

हे मी लांबून लिहीत नाही. माझ्या नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी मी एका नियतकालिकात मुद्रितशोधनाचे काम करत होते. एका लेखातले विस्कळीत वाक्य मी सरळ केले म्हणून आमचे वरिष्ठ माझ्यावर बरेच रागावले आणि ‘यापुढे मजकुराला हात लावायचा नाही, आला तसा जाऊ द्यायचा’ असे त्यांनी बजावले. दुसऱ्या दिवशी एका शोकसभेची चार ओळींची सूचना माझ्यापुढे आली. तिच्यात वार शुक्रवार लिहिला होता आणि तारीख शनिवारची होती. मी दिनदर्शिका पाहिली, खात्री करून घेतली आणि सूचना तशीच पुढे पाठवली. मजकुराला हात लावायचा नाही, असे मला सांगितलेच होते. शनिवारी दुपारी एक वृद्ध गृहस्थ कार्यालयात आले. त्यांनी ती सूचना कात्रीने नीट कापून, दुहेरी घडी घालून खिशात ठेवली होती. सभागृहाला कुलूप पाहून ते तिथून थेट आमच्याकडे आले होते. त्यांनी घडी उलगडून कात्रण माझ्या मेजावर ठेवले, तारखेवर बोट ठेवले आणि विचारले, ‘मग आता सभा कधी आहे?’ सभा आदल्या दिवशी होऊन गेली होती. ते भांडले नाहीत. कात्रण पुन्हा तसेच घडी करून घेऊन गेले. त्या संध्याकाळी मी वरिष्ठांना सगळे सांगितले, तेव्हा माझ्या लक्षात आले, की ज्यांना धडा शिकवायला मी निघाले होते त्यांना त्या सूचनेची आठवणही नव्हती. तो शुक्रवार आणि ती तारीख मला अजून पाठ आहे.

तुमचा दुसरा प्रश्न रास्त आहे आणि त्याला मी बगल देणार नाही. मोघम बोलणाऱ्याची जबाबदारी असतेच. काही माणसे घाईने मोघम बोलतात. त्यांच्या डोक्यात चित्र इतके स्पष्ट असते, की ते समोरच्यालाही दिसतच असेल असे त्यांना वाटते. काहींना स्वतःलाच काय हवे ते ठरलेले नसते. आणि काही जण, ज्यांच्याविषयी तुम्ही लिहिले आहे, मुद्दाम मोघम बोलतात, कारण सूचना धूसर ठेवली की यश आले तर ते आपले आणि अपयश आले तर ऐकणाऱ्याचे, असे दोन्ही दरवाजे उघडे राहतात. ‘आपण हे आज संपवू’ या वाक्यात ‘आपण’ म्हणजे कोण? आपल्या भाषेत ‘आपण’ म्हणजे तुम्ही आणि मी मिळून, ‘आपण’ म्हणजे आदराने तुम्ही, आणि ‘आपण’ म्हणजे स्वतःसुद्धा. वरिष्ठांच्या तोंडी हा शब्द आला, की त्यात काम कोणाचे आणि श्रेय कोणाचे हे दोन्ही झाकले जाते. तुम्हाला याचा राग येतो तो योग्यच आहे. करारांच्या कायद्यातही असे तत्त्व आहे, की मजकूर संदिग्ध असेल तर तो ज्याने लिहिला त्याच्या विरुद्ध जाणारा अर्थ घ्यावा. विम्याच्या करारांबाबत त्याचा उपयोग पुष्कळ वेळा होतो. पण त्या तत्त्वाकडे वळतात ते खरा अर्थ शोधण्याचे इतर मार्ग संपल्यावर. तुम्ही मार्ग शोधायच्या आधीच निकाल दिलात, आणि तोही मनातल्या मनात, समोरच्याला न सांगता.

वरिष्ठांची आणि तुमची पद्धत एकमेकींच्या किती जवळ आहे, हे तुमच्या लक्षात आले आहे का? ते म्हणतात, ‘मी असे म्हणालोच नव्हतो.’ तुम्ही पत्नीला म्हणालात, ‘तू खिडकी म्हणालीस, खिडक्या नाही.’ ते बोलताना फट ठेवतात, तुम्ही ऐकताना शोधता, आणि दोघेही त्याच फटीतून नामानिराळे होता. हे तुम्हाला कठोर वाटेल, तरी लिहिते, कारण तुम्हाला ज्याचा इतका जाच झाला तेच तुम्ही घरी नेले आहे.

अशा वागण्याने सामूहिक कामाचे काय होते, हे युद्धशास्त्राला चांगले माहीत आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, अमेरिकेच्या ओएसएस या गुप्तहेर संघटनेने शत्रूच्या ताब्यातल्या प्रदेशातील सामान्य माणसांना कोणते सोपे घातपात शिकवता येतील याची एक पुस्तिका तयार केली. यंत्रांत वाळू टाकण्यासारख्या उपायांबरोबरच तिच्यात हुकूम चुकीचे समजून घेणे, त्यांवर न संपणारे प्रश्न विचारणे आणि शब्दांवरून वाद घालत बसणे हे उपायही सुचवले होते. शत्रूचा कारखाना बंद पाडण्यासाठी जे शस्त्र म्हणून योजले गेले, ते स्वतःच्या घरात वापरले तर काय होईल, हे मी वेगळे सांगायला नको.

इथे एक फरक करणे मला आवश्यक वाटते. कामगार संघटना कधी कधी ‘नियमानुसार काम’ हे आंदोलन करतात. प्रत्येक नियम अक्षरशः पाळला, की रोजचे काम मंदावते आणि रोजचे काम माणसांच्या समजुतीवर किती चालते ते उघड होते. तेही शब्दावर बोट ठेवणेच आहे, पण ते जाहीर करून केलेले असते, मागणी काय ते सांगितलेले असते आणि परिणामांची जबाबदारी घेतलेली असते. त्यात फसवणूक नसते. तसेच, ज्याला ‘नाही’ म्हणण्याची सोयच नाही अशा दुबळ्या माणसाने एखादा क्रूर हुकूम न कळल्याचे सोंग घेऊन कोणाला वाचवले, तर मी त्याला दोष देणार नाही. तुमची स्थिती तशी नाही. अकरा वर्षे काम केलेल्या माणसाला विचारता येते, नकार देता येतो आणि तक्रारही करता येते. त्यातले तुम्ही काय करून पाहिले, याविषयी पत्रात एक ओळही नाही.

संदिग्धतेवर खरा उपाय ज्यांनी शोधला त्यांना त्याची फार मोठी किंमत मोजावी लागली होती. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरीफ बेटावरच्या विमानतळावर, दाट धुक्यात, दोन बोइंग ७४७ विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे गेली. कारणे अनेक होती. त्यांपैकी एक असे, की एका विमानातून ‘आम्ही आता उड्डाणावर आहोत’ अशा अर्थाचे शब्द आले. विमान प्रत्यक्ष धावू लागले होते आणि नियंत्रकाला वाटले, की ते उड्डाणाच्या जागी उभे आहे. तिथे कोणीही मुद्दाम काही केले नव्हते, सगळे एकमेकांना समजून घेण्याचा प्रयत्नच करत होते, तरी असे झाले. त्यानंतर ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, एरवी नाही, असा दंडक रूढ झाला. मिळालेली महत्त्वाची सूचना ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखवायची आणि देणाऱ्याने ती ऐकून खात्री करायची, ही शिस्तही अधिक काटेकोर झाली.

तुमच्या मेजावरही हेच करता येईल. ‘पाहून घ्या’ असे कानावर आले, की उठण्याआधी एवढेच म्हणायचे: ‘म्हणजे बेरजा तपासून, चुका आढळल्या तर दुरुस्त करून दुपारपर्यंत तुम्हाला देतो. बरोबर ना?’ ‘आपण हे आज संपवू’ असे म्हटले, तर ‘पहिला भाग मी करतो, मंजुरीचा भाग तुमच्याकडे राहील, असे समजतो.’ प्रश्न एकच विचारा, ज्यावर काम अडले आहे तो; दहा प्रश्न विचारून माणसाला जेरीस आणणे हाही त्या पुस्तिकेतलाच उपाय आहे. महत्त्वाचे काम असेल तर तेच वाक्य दोन ओळींत लिहून पाठवा. यामुळे मोघमपणा मुद्दाम करणाऱ्याचा एक दरवाजा बंद होतो, आणि तो तुम्ही त्याच्या देखत बंद केलेला असतो. विचारायला वेळच नसेल, तर त्यांना बहुधा अभिप्रेत असेल तोच अर्थ धरा आणि काम देताना ‘मी असा अर्थ घेतला’ हे सांगून टाका. एवढे करूनही ते ‘मी असे म्हणालोच नव्हतो’ म्हणत राहिले, तर दोन ओळींच्या त्या नोंदी घेऊन त्यांच्याशी, आणि गरज पडल्यास त्यांच्या वरच्यांशी, सरळ बोला. त्यांना ते आवडेलच असे मी म्हणत नाही. पण तुमचा राग तेव्हा ज्याच्यावर आहे त्याच्यापर्यंत पोहोचेल, दुसऱ्या कोणाला लागणार नाही.

त्याआधी त्या नव्या मुलीशी बोला. ‘बेरीज चुकल्याचे मला बैठकीआधी दिसले होते आणि मी बोललो नाही, ही माझी चूक झाली,’ एवढे तिला स्पष्ट शब्दांत सांगा आणि वरिष्ठांनाही तेच सांगा. मला माहीत आहे, वरिष्ठ ही गोष्ट पुढे कधीतरी तुमच्याविरुद्ध वापरतील अशी भीती तुम्हाला वाटेल, आणि ती निराधार नाही. तरीही मी सांगा असेच म्हणेन. ती मुलगी आज स्वतःला जितकी निष्काळजी समजते तितकी ती नाही, आणि हे तिला सांगू शकणारे तुम्ही एकटेच आहात.

पत्नीला खिडकीचा खुलासा देऊ नका. दोन खिडक्या लावायच्या होत्या हे मला कळले होते आणि सकाळच्या वादाचा राग मी त्यावर काढला, हे तिला सांगा. सकाळी वाद कशावरून झाला ते तुम्ही लिहिलेले नाही. मला वाटते, बोलायचे राहून गेले आहे ते त्याबद्दलच.

आणि मुलगी. तिच्यासाठी सूचना अधिक पक्क्या करण्याच्या मागे लागू नका. ‘मोबाइल बंद करून, कपाटात ठेवून, त्याकडे पाहू नकोस’ असे सांगितलेत, तर नऊ वर्षांचे हुशार मूल त्यातही फट काढील, कारण कोणतेच वाक्य इतके घट्ट विणता येत नाही, आणि घरात तसे बोलत राहिलात तर दोन वकील समोरासमोर राहतात असे होईल. तिच्यावर रागावण्याआधी तिला वह्यांची गोष्ट खरी सांगा. आई दोन्ही खिडक्यांबद्दल बोलत होती हे बाबाला माहीत होते, तरी बाबाने एकच लावली, हे तिने तुमच्या तोंडून ऐकू दे. ती ‘का?’ असे विचारील. तेव्हा ‘मला राग आला होता’ हेच उत्तर द्या, दुसरे शोधू नका. वह्या एव्हाना वाळल्या असतील, पण शाई पसरलेली पाने तशीच असतील. एका संध्याकाळी मोबाइल, तिचा आणि तुमचाही, बाजूला ठेवून तिच्याशेजारी बसा आणि ती पाने एकेक करून तिच्याबरोबर पुन्हा लिहून काढा.